एक वाक्यही न लिहिता पोलीस

पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत सोळाशे मीटर पळालात तर वीसपैकी वीस. साडेअकरा सेकंदांत शंभर मीटर, पंधरापैकी पंधरा. सात किलो दोनशे साठ ग्रॅमचा गोळा साडेआठ मीटर फेकलात की उरलेले पंधरा. पोलीस शिपाई व्हायला निघालेल्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा, हे आकडे तो चुकणार नाही. मुलींना आठशे मीटर आणि चार किलोचा गोळा. ठाण्यात उपवनच्या काठाने, नवी मुंबईत पाम बीच रोडच्या कडेने भल्या पहाटे जी पोरे घामाघूम होऊन पळताना दिसतात, त्यांतली बरीचशी मॅरेथॉनसाठी नव्हे, या पन्नास गुणांसाठी पळत असतात. पुढे साकेतच्या किंवा कळंबोलीच्या मैदानात छातीवर नंबर लावून त्यांचा निकाल लागतो.

मैदानात निम्मे गुण मिळाले आणि जागांच्या दहापटीत नाव बसले की लेखी. शंभर गुण, नव्वद मिनिटे. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान नि चालू घडामोडी, मराठी व्याकरण. चार पर्याय आणि एक गोल काळा करायचा. व्याकरणातही समास ओळखायचा, प्रयोग ओळखायचा, अलंकार ओळखायचा. सगळे ओळखायचे, लिहायचे काही नाही. बारावी पास, वय १८ ते २८ (आरक्षित प्रवर्गांना ३३), मुलांची उंची १६५ सेंटीमीटर, मुलींची १५५, मुलांची छाती ७९ आणि फुगवून पाच सेंटीमीटर जास्त. या अटी पार करून, मैदान मारून, लेखी काढून, कागदपत्रे, वैद्यकीय आणि चारित्र्य पडताळणी उरकून एखादा पोलीस होतो. या संपूर्ण वाटेत त्याने स्वतःच्या हाताने एक सबंध मराठी वाक्य लिहिलेले नसते. कुणाचे बोलणे ऐकून ते कागदावर उतरवलेले तर नसतेच.

माझे म्हणणे साधे आहे. पोलीस ठाण्यातल्या शिपायाच्या रोजच्या कामाचा मोठा भाग ऐकण्याचा आणि लिहिण्याचा आहे, आणि भरतीत नेमके तेच तपासले जात नाही. ते गुण देऊन तपासायला हवे, आणि तसे करणे वाटते तितके अवघड नाही.

बाहेरून आपल्याला पोलीस दिसतो तो बंदोबस्तातला. टेंभीनाक्याची देवी, दहीहंडीचे थर, मासुंदा तलावावरचे विसर्जन, घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर बंद पडलेला कंटेनर, शिळफाट्याचा चक्का जाम. तिथे उन्हापावसात उभा राहणारा खाकीतला माणूस म्हणजे पोलीस, असे आपले चित्र. आत काय चालते ते ठाण्याच्या बाकावर दोन तास बसल्याशिवाय कळत नाही. ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंदी घालत असतो. शेजाऱ्याने शिवी दिली, पार्किंगवरून हातघाई झाली, मोबाइल हरवला, असल्या तक्रारींची रांग त्याच्यासमोर असते आणि त्यातली कुठली दखलपात्र, कुठली एनसी म्हणजे अदखलपात्र, हे ठरवायला त्याच्याकडे फार वेळ नसतो. एक जण सीसीटीएनएस या गुन्हे नोंदवायच्या संगणक प्रणालीत गुन्हा भरतोय, एक मुद्देमालाच्या खोलीची किल्ली शोधतोय, एक समन्सांचा गठ्ठा घेऊन निघालाय, एक पासपोर्टच्या पडताळणीला. ११२ या आपत्कालीन क्रमांकावर कॉल आला की गस्तीवरचे बीट मार्शल मोटारसायकलला किक मारतात. आणि आतल्या खोलीत तपासी अधिकाऱ्याचा रायटर, म्हणजे त्याचा लेखनिक पोलीस, मान खाली घालून जबाब टंकत बसलेला असतो.

या रायटरबद्दल कोणी लिहीत नाही. तपास साहेबांच्या नावावर असतो, पण पंचनामा, जबाब, कोर्टात जाणारा रिपोर्ट यांतला बराच मजकूर शिपाई-हवालदाराच्या हातचा असतो. चांगला रायटर मिळाला की साहेब निम्मे निवांत, आणि तो बदलून गेला की साहेबांची चिडचिड. ही कला त्याला कोणी शिकवलेली नसते. जुन्याचे बघून नवा शिकतो. म्हणून 'समक्ष पोलीस ठाणे हजर राहून विचारलेवरून जबाब देतो की' अशी सुरुवात आणि 'माझे सांगणेप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला असून तो मी वाचून पाहिला, तो बरोबर व खरा आहे' असा शेवट, मधला मजकूरही जुन्या फायलीतून उचललेला. दिवाळे गावातली मासळीवाली आणि हिरानंदानी इस्टेटमधला बँकेचा साहेब, दोघे जबाबात अगदी एकाच भाषेत बोलतात. पुढे कोर्टात आरोपीचा वकील हाच कागद हातात घेऊन विचारतो, 'बाई, हे शब्द तुमचे आहेत का?' बाई खरे बोलते, 'नाही.' तिथून केस घसरते.

कायद्याचे म्हणणे काय, तेही पाहू. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा. त्याच्या कलम ६४ मध्ये पोलिसाची नेहमीची कर्तव्ये आहेत: समन्स बजावणे, वॉरंट अमलात आणणे, गुन्ह्यांची माहिती काढणे, गुन्हे होऊ न देणे. पण मला महत्त्वाचे वाटते ते कलम ६६. लोकांशी वागताना पोलिसाने काय करायचे ते त्यात सांगितले आहे. रस्त्यात असहाय पडलेल्याला जमेल ती सगळी मदत करायची. अटकेतला माणूस जखमी किंवा आजारी असेल तर त्याच्या उपचाराची तजवीज करायची, त्याच्या खाण्यापिण्याची आणि निवाऱ्याची व्यवस्था बघायची. झडती घेताना विनाकारण उद्धटपणा करायचा नाही, त्रास द्यायचा नाही. स्त्रिया आणि मुलांशी सभ्यतेने आणि सौम्यपणे वागायचे. सत्तरहून अधिक वर्षे हे कायद्याच्या पुस्तकात आहे. पोलिसाने नीट बोलावे ही कुणा भाबड्या समाजसेवकाची मागणी नाही, ती त्याच्या नोकरीची अट आहे. भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर या अटीच्या जवळपास जाणारा एक गुणही नाही, ही माझी तक्रार.

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षिका काकूंबरोबर मी पोलीस ठाण्यात गेलो होतो. कुठले ठाणे ते सांगत नाही, कारण हे कुठेही घडले असते. वीजबिल थकलेय, आज रात्री मीटर कापू, असा मेसेज, मग फोन, मग 'एक ॲप डाउनलोड करा', आणि खात्यातले पैसे गायब. समोर बसलेला अंमलदार तरुण, दणकट, वागायला अजिबात वाईट नाही. त्याने विचारले, "किती गेले?" काकूंनी सांगायला सुरुवात केली ती सकाळी दूधवाला आला तिथून. "काकू, मुद्द्याचं बोला. रक्कम किती? बँक कुठली?" काकू गडबडल्या. रक्कम सांगितली, बँक सांगितली, आणि गप्प बसल्या. तीन ओळींची तक्रार झाली.

मग चष्मा कपाळावर चढवलेले एक वयस्क हवालदार पलीकडच्या टेबलावरून खुर्ची सरकवत आले. म्हणाले, "मावशी, सकाळी उठल्यापासून सांगा. मला वेळ आहे." त्यांना वेळ नव्हता, हे टेबलावरच्या गठ्ठ्यावरून दिसत होते. काकू बोलत गेल्या आणि त्या दूधवाल्याच्या गोष्टीतून निघाले असे की फोन एक नव्हे, दोन नंबरांवरून आले होते, ॲप पहिल्या फोननंतर घेतले होते, आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज दुपारी, म्हणजे नुकताच, आला होता. काकूंना वाटत होते की तो जुनाच मेसेज पुन्हा आलाय. हवालदारांनी पुढचे काही विचारण्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावायला लावला. सायबर फसवणुकीत पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात उड्या मारत पळतो. तक्रार जितकी लवकर, तितकी तो वाटेत अडण्याची शक्यता जास्त. त्या दुपारच्या रकमेतला काही भाग अडला. तीन ओळींच्या तक्रारीवर तो अडला नसता.

दोघांमध्ये फरक अनुभवाचा आहे, असे कोणी म्हणेल. आहेच. पण पंचवीस वर्षे नोकरी करूनही 'मुद्द्याचं बोला'च्या पुढे न गेलेले लोकही प्रत्येक ठाण्यात असतात. अनुभवाने ती हातोटी पक्की होते, मुळात असावी लागते. आपण ती असलेले शोधत नाही, नशिबाने मिळाले तर खूश होतो. महापे इथे राज्याच्या सायबर विभागाचे मोठे केंद्र उभे राहिले आहे, यंत्रणा चांगली आहे. पण फसवणूक झालेला माणूस रडत येतो तो आपल्या वॉर्डातल्या चौकीत, आणि तिथे त्याचे म्हणणे कागदावर कसे उतरते यावर पुढची सगळी यंत्रणा चालते.

ऐकणारा, माणसे ओळखणारा शिपाई काय करू शकतो, याचा दाखला ठाणे आयुक्तालयाच्याच हद्दीत आहे. भिवंडी १९७० ला हिंदू-मुस्लिम दंगलीत पेटली, १९८४ ला पुन्हा पेटली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. शांतता समित्या पूर्वीही होत्या, पण त्यात पुढारी आणि प्रतिष्ठित बसायचे. खोपड्यांच्या कमिटीत गल्लीतली साधी माणसे, दोन्ही समाजांची, आणि त्यांच्याबरोबर त्या भागाची जबाबदारी दिलेला पोलीस. बैठका गल्लीतल्या किरकोळ भांडणांवर, पाण्यावर, कचऱ्यावरही व्हायच्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्याचे श्रेय अर्थातच अनेकांचे, भिवंडीकरांचे सर्वात जास्त. पण त्या सगळ्या रचनेचे खालचे टोक कोण होते? मोहल्ल्यात जाऊन बसणारा, लोकांचे ऐकून घेणारा, वर नीट कळवणारा साधा पोलीस. तिथे किती मीटर गोळा फेकलास, असे त्याला कोणी विचारले नसणार.

इथे एक वेगळाच मुद्दा नेहमी पुढे येतो, आणि तो नवी मुंबईत जास्त जोरात येतो: स्थानिकांनाच घ्या. भरती घटकवार होते. ठाणे शहर वेगळा घटक, ठाणे ग्रामीण वेगळा, नवी मुंबई वेगळा. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो, म्हणून जळगावचा, बीडचा, परभणीचा मुलगा कुठे जागा जास्त आणि कटऑफ कमी लागेल याचा जुगार खेळतो आणि ठाणे किंवा नवी मुंबई भरतो. निवड होते, काही वर्षांत त्याचा जिल्हाबदलीचा अर्ज सुरू होतो. इकडे सिडकोला जमिनी दिलेल्या आगरी-कोळी घरांतली मुले म्हणतात, जमीन आमची गेली, पोलीस ठाण्यातला माणूस मात्र आमची बोलीही ओळखत नाही. प्रकल्पग्रस्तांसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे, आणि ते असायलाच हवे. पण त्यापुढे जाऊन स्थानिक म्हणजे आपोआप चांगला पोलीस, हे मला पटत नाही. स्वतःच्या गावातला पोलीस कधी कधी भावकीतच अडकतो. बीडचा मुलगा घणसोली शिकू शकतो. त्याला तीन वर्षे एकाच बीटवर राहू द्या, दर दोन महिन्यांनी दुसऱ्या बंदोबस्ताला पिटाळू नका, तो कुठल्या गल्लीत कोण राहतो ते शिकेल. मात्र ज्याला ऐकायचेच नाही तो ऐरोलीत जन्मला काय आणि अंबाजोगाईत, सारखेच.

आता मैदानाबद्दल, कारण माझे बोलणे ऐकून पळणारी पोरे चिडतील. मला धावणे काढून टाकायचे नाही. सुटलेल्या चोरामागे पळावे लागते, पावसात आठ तास उभे राहावे लागते, शरीर लागतेच. पण मैदानावर आपण किती डाव लावतो याचा हिशेब करायला हवा. २०१४ साली मुंबईच्या भरतीत जूनच्या उकाड्यात पाच किलोमीटर पळताना तरुण मुले दगावली, त्यानंतर अंतर कमी झाले. २०२४ च्या भरतीचे मैदान ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाले. १७,४७१ जागा आणि सतरा लाखांहून अधिक अर्ज. चाचणीसाठी आलेली बाहेरगावची पोरे फुटपाथवर, पुलाखाली झोपली. धावताना कोसळून जीव जाण्याचे प्रकार तेव्हाही टळले नाहीत. यात पोरांचा हट्ट नाही. शंभरात एकाला मिळणाऱ्या नोकरीसाठी ती हे करतात. सुरुवातीला २१,७०० मूळ वेतन, घरातला पहिला पगार, लग्नाच्या बाजारातली पत, सगळे त्या सोळाशे मीटरवर टांगलेले असते.

आणि दंगलीत लाठी घेऊन उभे राहायला, मोठ्या बंदोबस्ताला, ज्यांचे शरीरच मुख्य भांडवल आहे अशांसाठी वेगळा दरवाजा आधीच उघडा आहे. राज्य राखीव पोलीस बलाची भरती वेगळी होते, तिथे पाच किलोमीटर धावणे आहे, मैदानाला शंभर गुण आहेत. तिथे तसेच असावे. प्रश्न ठाण्यात बसणाऱ्या शिपायाचा आहे. दोघांना जवळजवळ एकाच साच्यातून काढून एकाला बंदूक आणि दुसऱ्याला कीबोर्ड देणे, हा सोयीचा कारभार झाला.

मला काय हवे ते सांगतो. लेखी परीक्षेनंतर, जागांच्या दुप्पट उमेदवार उरले की त्यांची आणखी एक परीक्षा घ्यावी, तीस गुणांची. परीक्षागृहात एक ध्वनिमुद्रण ऐकवायचे, पाच-सहा मिनिटांचे, दोनदा. त्यात एक तक्रारदार बोलतोय. नीट बोलत नाहीये, मागचे पुढे करतोय, मध्येच हिंदीत घुसतोय, मध्येच रडतोय, दोन गोष्टी विसरतोय. ठाणे-नवी मुंबईत लोक असेच बोलतात. भिवंडीत उर्दू वळणाची हिंदी, उल्हासनगरात सिंधी हेल, खाडीकाठी आगरी, नाक्यावर भोजपुरी. उमेदवाराने ते ऐकून दोन पानांत जबाब लिहायचा: कोण, कधी, कुठे, काय झाले, तक्रारदाराच्याच शब्दांना धरून. खाली तीन प्रश्न लिहायचे, जे तो त्या माणसाला पुढे विचारेल. माझ्या मते अर्धे गुण त्या तीन प्रश्नांना असावेत. ज्याने नीट ऐकले तोच नेमके विचारू शकतो.

शुद्धलेखनाला गुण कापू नयेत. ऱ्हस्व-दीर्घ चुकला म्हणून नंदुरबारच्या मुलाला मागे ढकलायचे असेल तर ही परीक्षा न घेतलेलीच बरी. बोलीतले शब्द चालावेत. मजकूर कळला, क्रम लागला, महत्त्वाचे सुटले नाही, स्वतःचे काही घुसडले नाही, एवढे बघावे.

वशिल्याचे काय, हा पहिला आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. गोल काळा करण्याच्या परीक्षेचे सर्वात मोठे पुण्य हे की तिथे साहेबाचा भाचा आणि शेतमजुराचा पोरगा यांना मशीन सारखेच तपासते. मुलाखत मला म्हणूनच नको. समोरासमोर बसवून 'व्यक्तिमत्त्व' तपासायला सुरुवात केली की पाकिटे फिरायला वेळ लागणार नाही. लिहिलेला पेपर मात्र झाकता येतो. नाव काढून संकेतांक टाकायचा, ठाण्याचे पेपर अमरावतीला आणि अमरावतीचे ठाण्याला पाठवायचे, दोघांनी वेगवेगळे तपासायचे, गुणांत फरक मोठा निघाला तर तिसऱ्याकडे. २०२४ सारखी भरती धरली तरी जागांच्या दुप्पट म्हणजे पस्तीस हजारांच्या आसपास पेपर. बारावीला दरवर्षी चौदा-पंधरा लाख मुले बसतात आणि त्यांचे प्रत्येकी सहा-सहा विषयांचे पेपर याच राज्यातले शिक्षक हाताने तपासतात. पस्तीस हजार दोन-पानी उत्तरांनी राज्य कोलमडणार नाही.

दुसरा आक्षेप क्लासवाल्यांचा धरून चाला. महिन्याभरात 'जबाब लेखन: संपूर्ण मार्गदर्शक' बाजारात येईल, अकादम्या नमुना जबाब पाठ करून घेतील. घेऊ देत. त्या निमित्ताने लाखभर पोरे एखाद्याचे बोलणे ऐकून लिहायचा सराव करतील, आणि त्यातली नव्वद टक्के पोलीस झाली नाहीत तरी काही बिघडणार नाही. भारताच्या नद्यांची उगमस्थाने पाठ करण्यापेक्षा तो सराव वाया जाणार नाही, असे माझे मत.

तिसरा आक्षेप नवा आहे. आता मोबाइलच बोललेले लिहून देतो, नव्या कायद्यांत साक्षीदाराचा जबाब ध्वनिचित्रमुद्रित करायची मुभाही आहे, मग लिहिता येणारा पोलीस कशाला? मशीन बोललेले उतरवेल, हे खरे. काकू न बोललेले त्या हवालदारांनी काढून घेतले, ते मशीन उतरवू शकले नसते. उलट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने खालच्या माणसाचे काम अवघडच केले आहे. झडती-जप्तीचे चित्रीकरण हवे, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यायला हवे, तपास कुठवर आला ते तक्रारदाराला नव्वद दिवसांत कळवायला हवे, हद्द कुणाचीही असो तक्रार घ्यायला हवी. राज्य सरकारही पदवीधर आणि अनुभवी अंमलदारांकडे छोट्या गुन्ह्यांचे तपास देण्याच्या दिशेने गेले आहे. म्हणजे कालपर्यंत रायटर असलेला माणूस उद्या स्वतः तपासी अंमलदार. त्याला लिहिता येते का, हे आपण कधी तपासलेलेच नाही.

प्रशिक्षणात शिकवता येईल, असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारतो की त्या महिन्यांचे वेळापत्रक बघितले आहे का? कवायत, शस्त्र, कायदे, पुन्हा कवायत. त्यात शेवटचे काही आठवडे तरी प्रशिक्षणार्थीला एखाद्या गजबजलेल्या ठाण्यात, मुंब्रा म्हणा, एपीएमसी म्हणा, ठाणे अंमलदाराच्या शेजारी खुर्ची टाकून बसवावे. कुठलेही काम देऊ नये. नुसते ऐकू द्यावे.

एक गोष्ट मात्र कुठल्याच परीक्षेने सुटणार नाही. रात्रपाळी करून दुपारपर्यंत बंदोबस्ताला उभा राहिलेला माणूस कुणाचेच नीट ऐकू शकत नाही, तो कितीही गुणी असो. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. २०२१ मध्ये तत्कालीन प्रभारी पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी महिला अंमलदारांची ड्युटी बारावरून आठ तासांवर आणण्याचा आदेश काढला. प्रत्यक्षात सणवार आला की आठाचे बारा होतात, बाराचे सोळा. आमच्या काकूंसमोरचा तो तरुणही आदल्या रात्रीपासून ड्युटीवर होता, हे मला निघताना कळले. त्याला झोप मिळाली असती तर त्याने दूधवाल्याची गोष्ट ऐकली असती का? कदाचित ऐकली असती. म्हणून माझ्या प्रस्तावाचा उपयोग रिक्त पदे वेळेवर भरण्याशी आणि ड्युटीच्या तासांशी बांधलेला आहे, हे मला मान्य आहे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. शिपाई भरती महाराष्ट्र पोलीस शिपाई (सेवाप्रवेश) नियम, २०११ नुसार होते आणि हे नियम गृहविभाग अधिसूचना काढून बदलतो. २०१९ मध्ये लेखी आधी आणि मैदान नंतर केले, मैदानाचे गुण शंभरावरून पन्नासवर आणले. २०२२ मध्ये क्रम पुन्हा उलटा केला, मैदान आधी. तीन वर्षांत दोनदा बदलू शकणारा नियम तिसऱ्यांदाही बदलेल.

सुरुवात ठाणे शहर आणि नवी मुंबई या दोन घटकांत करावी. झोपडपट्टी, टॉवर, गावठाण, बंदर, बाजार आणि आता विमानतळ, सगळ्या तऱ्हेची वस्ती या दोन हद्दींत मिळून आहे. पहिल्या भरतीत जबाब-लेखनाचे गुण निवड यादीत धरूच नयेत, फक्त नोंदवून पाकीट बंद करावे. मुले प्रशिक्षण संपवून ठाण्यांत रुजू झाली, दोन वर्षे काम केले, की पाकीट उघडावे आणि त्यांनी घेतलेल्या जबाबांचे नमुने, त्यांच्याविरुद्ध आलेल्या तक्रारी आणि वरिष्ठांचे शेरे यांच्याशी ते गुण ताडून पाहावेत. मैदानाचे गुणही त्याच तक्त्यात शेजारी ठेवावेत. हे काम पोलीस खात्याबाहेरच्या माणसांना द्यावे, मुंबई विद्यापीठाच्या संख्याशास्त्राच्या विभागाला दिले तरी चालेल, आणि तक्ता लोकांसमोर ठेवावा. जबाब-लेखनाच्या गुणांचा आणि कामाचा काहीच मेळ बसला नाही तर हा प्रस्ताव फाइलबंद करायला हरकत नाही. मेळ बसला तर पुढच्या जाहिरातीत ते तीस गुण निवड यादीत धरावेत. चालक आणि बँडपथकाच्या पदांना ही परीक्षा लावू नये, त्यांची कौशल्यचाचणी वेगळी आहे आणि ती पुरेशी आहे.